गाळ्यातली फ्रेम आणि डब्यावरचा कोड

वसई पूर्वेला सातिवलीच्या रस्त्याला लागलात की इंडस्ट्रियल इस्टेटी सुरू होतात. गाळ्याला लागून गाळा. कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे लेथ, कुठे पॅकिंग. यातल्या बऱ्याच ऑफिसांत देवाच्या तसबिरीशेजारी आणखी एक फ्रेम असते, 'आयएसओ ९००१'ची. आजचा एपिसोड या फ्रेमवर.

तिचं मूळ लष्करी आहे. १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुरवठादारांना सांगितलं, नुसता तयार माल दाखवू नका, तो बनवायची तुमची पद्धतही दाखवा. ब्रिटनने १९७९ मध्ये बीएस ५७५० हे मानक काढलं आणि त्यावरून १९८७ मध्ये आयएसओ ९००० मालिका आली. पुढे आपल्याकडेही मोठे ग्राहक सर्टिफिकेट मागू लागले. छोट्या कारखानदाराला हा खर्च झेपेना, म्हणून १९९४ पासून केंद्र सरकार लघुउद्योगांना त्यातला ७५ टक्के, जास्तीत जास्त ७५ हजार रुपये, परत देऊ लागलं. योजना चांगलीच होती. पण पैसे मिळायचे सर्टिफिकेटवर. पद्धत कामगारांच्या अंगवळणी पडली का, हे कोण बघणार? मग काय, दुसऱ्याची फाइल, वर आपलं नाव. (आम्ही कोडिंगवाले यालाच कॉपी-पेस्ट म्हणतो, आम्हाला कुणी फ्रेम देत नाही.)

आता याच वेस्टर्न लाइनवरची उलटी गोष्ट ऐका. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायचं काम सुरू केलं. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं. त्यातल्या अनेकांचं शिक्षण जेमतेम. पण डब्याच्या झाकणावरचा कोड बघा. डबा कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या चार-सहा खुणांत. प्रत्येक गट म्हणजे स्वतंत्र छोटा धंदाच. त्याचा मुकादम वेगळा, आणि कुणी आजारी पडलं तर अडायला नको म्हणून दोन-तीन माणसं जादा. ट्रस्टची नोंदणी झाली १९५६ मध्ये. आयएसओ ९००१ मिळालं ते २००० नंतर, म्हणजे पद्धत शंभर वर्षं चालल्यावर! २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी लिहिली.

माझ्या मते गाळेवाल्यांनी डबेवाल्यांकडून घ्यायची गोष्ट ती 'जादा माणसं' आहे. समजा, तुमच्या मोल्डिंग मशिनचा सेटर होळीला गावी गेला. कुठल्या मोल्डला किती तापमान, किती प्रेशर, दाणा किती वेळ सुकवायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात. तो महिनाभर आला नाही की रिजेक्शनचा ढीग लागतो आणि ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. जादा सेटर ठेवायला पगार लागतो, तो परवडेलच असं नाही. त्याच्या डोक्यातलं कागदावर उतरवायला मात्र एक वही पुरते.

गंमत म्हणजे आयएसओवालेही इथेच येऊन पोचलेत. २००० च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ मध्ये ती सक्ती गेली, क्वालिटी मॅन्युअलचीही गेली. उलट एक नवं कलम आलं: कामासाठी लागणारं ज्ञान कोणतं ते ओळखा, जपा आणि गरजेच्या माणसाला मिळेल असं ठेवा. माणूस सोडून गेला तर काय, हा प्रश्न थेट या कलमात बसतो. त्यासाठी जाडजूड इंग्रजी फाइल लागत नाही. मशिनशेजारी लटकवलेली वही चालते. मोल्ड नंबर, तापमान, प्रेशर, तारीख, कुणी बदललं त्याची सही. मशिनवरचा माणूस हिंदी वाचत असेल तर हिंदीत लिहा. ऑडिटरला चालतं. फक्त होळीच्या आधी सेटरबरोबर बसून ती एकदा भरून घ्यावी लागते.