मिलवॉकीची बचावफळी

* मिलवॉकी अ‍ॅडमिरल्स : अमेरिकन हॉकी लीगमधला, एनएचएल या वरच्या लीगमधल्या नॅशव्हिल प्रेडटर्सच्या होतकरू खेळाडूंचा संघ. उलटं स्केटिंग करताना पकऐवजी चढाई करणाऱ्याच्या छातीवर नजर ठेवणं, हे बचावपटूच्या अंगवळणी पडायला वर्षं लागतात. ती इथे मिळतात.

प्रेडटर्सच्या 2003च्या निवडीतले (ड्राफ्टमधले) बचावपटू सूटर, वेबर आणि क्लाइन इथूनच वर गेले. त्यांच्यामागून योसी आणि एलिस आले. एकहोम तर 2009मध्ये 102वा निवडला गेलेला. 2012-13चा जवळजवळ अख्खा हंगाम तो मिलवॉकीतच खेळला, आणि हा धीरच प्रेडटर्सचं सर्वांत मोठं श्रेय. 2016मध्ये वेबरला देऊन बचावपटू सुबानला आणलं, तरी फळी विस्कटली नाही. पुढच्याच वर्षी प्रेडटर्स पहिल्यांदा एनएचएलच्या स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत पोचले. योसी, एलिस, एकहोम तिघेही तेव्हा संघात होते.