दुष्काळ, द्रव्य आणि श्रद्धा

श्रोतेहो, पनवेलहून पुण्यामार्गें दौंडकडे जाणाऱ्या गाडीनें आपण कधीं प्रवास केला असेल, तर पुणें मागें पडल्यावर केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन आपल्या दृष्टीस पडलें असेल. गाडी येथें फार वेळ थांबत नाहीं. परंतु आज ज्या प्रश्नाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्याचा महाराष्ट्रांतील एक मोठा प्रयोग ह्याच स्टेशनाजवळच्या माळावर झाला. पोटांत अन्न नाहीं, गांठीं पैसा नाहीं, अशा वेळीं ईश्वरावर विश्वास ठेवणें म्हणजे नेमकें काय करणें, हा तो प्रश्न होय. ख्रिस्ती धर्मानें त्याचें जें उत्तर दिलें आहे, तें पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत जितकें नीट पारखून पाहतां येतें, तितकें तें प्रवचनांतून येत नाहीं असें माझें मत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व स्वभावानें अत्यंत उदार. पत्नीला व पुढें धाकट्या मुलीला संस्कृत शिकविण्याचें धैर्य त्यांनीं त्या काळीं दाखविलें. आल्यागेल्याच्या आतिथ्यांत त्यांचें होतें नव्हतें तें सरलें, आणि मग पुराणें सांगत सर्व कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. मिळालेलें द्रव्य दानधर्मांत व देवकार्यांत खर्च होई. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां घरांतील उरलेसुरलें किडुकमिडुक विकून त्यांनीं देवतांना प्रसन्न करून घेण्याचा यत्न केला. अखेर तांदुळाचा शेवटचा दाणाही संपला. अकरा दिवस व अकरा रात्री हें कुटुंब पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर राहिलें, असें रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. मोलमजुरी करावी तर शास्त्र्याच्या घराण्याला तें अपरिचित. भीक मागावी तर लाज वाटे. थोड्याच अवधींत वडील गेले, आई गेली, वडील बहीणही गेली. उरलीं तीं दोघें भावंडें, श्रीनिवास आणि रमा.

ही हकीकत सांगतांना अनंतशास्त्र्यांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांची श्रद्धा अस्सल होती. परंतु ती श्रद्धा आणि हाताचें काम ह्यांची गांठ त्यांच्या आयुष्यांत कोठें पडली नव्हती. मुलीच्या मनावर मात्र हें दृश्य कायमचें कोरलें गेलें. जातां जातां सांगतों, ह्यानंतर दोनचार वर्षांतच, १८७६-७७ च्या दुष्काळानें आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणच्या एका पुरुषाचें अंतःकरण असेंच पेटलें. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरी करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांनीं १८७९ सालीं धनिकांचे वाडे लुटून सरकाराविरुद्ध बंड मांडलें. भुकेचें उत्तर माणसें किती निरनिराळ्या तऱ्हांनीं शोधतात पहा! फडके १८८३ च्या फेब्रुवारींत एडनच्या तुरुंगांत वारले. त्याच वर्षीं रमाबाई विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पुढील कथा पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत आटोपतों. अमेरिकेंत त्यांच्या साह्यार्थ बोस्टन येथें १८८७ मध्यें एक मंडळी स्थापन झाली व तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें पत्करलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. आणि १८९३ मध्यें तेथील विधवा मुलींच्या ख्रिस्तीकरणावरून जो गदारोळ उठला त्यांत पुण्याच्या बहुतेक सुधारकांनीं आपला हात काढून घेतला. मला ज्या गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे ती ह्याच्या पुढची. दहा वर्षांची मुदत संपत आली. बाईंनीं काय केलें? केडगांवास जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडें लाविलीं. मदत थांबली तरी संस्थेला स्वतःचें उत्पन्न असावें, हा हिशेब त्यांत होता. अनंतशास्त्र्यांच्या घरीं जें कधीं झालें नाहीं तें येथें झालें.

ही झाडें फळास येण्यापूर्वींच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून भयंकर बातम्या येऊं लागल्या आणि रमाबाई तिकडे निघाल्या. स्वतः भोगलेल्या भुकेच्या आठवणीनें आपल्याला स्वस्थ बसूं दिलें नाहीं, असें त्यांनींच सांगितलें आहे. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं तेथून आणिल्या. हातीं त्यांच्या पोषणाची तरतूद नव्हती. इतक्यांत पुण्यांत प्लेग. शहरांत अधिक मुली ठेवण्यास बंदी झाली. तेव्हां फळबागेकरितां घेतलेल्या त्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या मोठ्या दुष्काळांत गुजराथेकडूनही मुली आल्या व संख्या सुमारें दीड हजारांवर गेली. दीड हजार माणसांना रोज दोन वेळां जेवूं घालणें म्हणजे काय, हें ज्यानें एखाद्या लग्नाची पंगत सांभाळली असेल त्यानेंच मनांत आणावें!

पैसा कोठून आला? ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर ह्यांचें चरित्र रमाबाईंनीं वाचलें होतें. कोणापुढें हात न पसरतां, केवळ प्रार्थनेच्या बळावर, ह्या गृहस्थांनीं दहा हजारांवर अनाथ मुलें वाढविलीं. ख्रिस्ती प्रार्थनेंत मागणें आहे तें आजच्या भाकरीचें; उद्यांच्या कोठाराचें नाहीं. हिंदुस्थानांत असा विश्वास चालेल काय, हा प्रश्न रमाबाईंनीं स्वतःला विचारला आणि तो करून पाहिला. माझ्या शिक्षकी बुद्धीला येथें एक शंका येते. बाई मागत नसत हें खरें. परंतु आपल्या कार्याचीं वृत्तें त्या छापून परदेशीं धाडीत असत, आणि अशीं वृत्तें वाचून दयाळू माणूस पैसे पाठवितोच. गरज सांगणें आणि मागणें ह्यांमधील रेघ फार बारीक आहे. तथापि त्यांच्या पक्षाची एक गोष्ट निर्विवाद आहे. मुक्तिसदनांत प्रार्थना करून कोणी हातावर हात ठेवून बसलें नाहीं. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, सर्व कामें मुलीच करीत. 

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. उपाशी माणसाला अन्न द्यावें आणि त्याच हातानें धर्म द्यावा, तर त्या माणसाची संमति ही खरी संमति म्हणावी काय? हा आक्षेप त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं घेतला आणि तो केवळ द्वेषाचा होता असें मी म्हणणार नाहीं. शारदासदनांत धर्माविषयीं तटस्थतेचें वचन होतें. मुक्तिसदन उघडपणें ख्रिस्ती होतें, एवढा प्रामाणिकपणा तेथें होता. पण आठनऊ वर्षांची मुलगी उघड काय आणि झांकलेलें काय, ह्यांत कसली निवड करणार? माझें बालपण दौंडाकडच्या एका खेड्यांत गेलें. १९७२ च्या दुष्काळांत मी बारा वर्षांचा होतों. आई खडी फोडावयास जाई. आम्हांस सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. ती भाकर गिळवत नसे, तरी आम्हीं खाल्ली. ती कोणी व कां पाठविली हें आम्हीं विचारलें नाहीं. त्या बदल्यांत कोणी आमच्याकडे कांहीं मागितलें असतें तर आईनें काय उत्तर दिलें असतें, ह्याचा विचार मी पुष्कळदां केला आहे. तिला मी तें कधीं विचारलें नाहीं.

ख्रिस्ती समाजांतही हा परकीय पैशाचा कांटा सलत होताच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं अमेरिकन मिशनचा पगार सोडला व संन्यस्त वृत्तीनें साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनीं ते वारले.

रमाबाईंनीं मात्र केडगांव सोडलें नाहीं. अखेरच्या वर्षांत त्या मूळ भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनांतील मुली जुळवीत होत्या. १९२१ च्या जुलैंत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. छपाई त्यांच्या मागें पुरी झाली आणि १९२४ सालीं तो ग्रंथ बाहेर पडला.