त्सावोचे सिंह आणि न जुळणारा हिशेब

सिंह आमच्या गाडीच्या सावलीत येऊन बसला तेव्हा गाडीत पाच माणसं होती. त्यातली चार श्वास रोखून बसलेली. पाचवा आमचा गाईड. तो स्टिअरिंगवर हात ठेवून, रोजची बस वेळेवर आल्यासारखा चेहरा करून बसला होता.

गेल्या ऑगस्टात आम्ही केनियाला जाऊन आलो. मी, बायको, आमची दहा वर्षांची कन्यका आणि आई. नैरोबीहून २०१७ साली सुरू झालेल्या नव्या चिनी बांधणीच्या रेल्वेने निघून काही तासांत वोई स्टेशनला उतरलो. तिथून त्सावो ईस्ट जवळच आहे. गाईडने पहिल्याच दिवशी आईला 'मामा' म्हणून हाक मारली. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई, हे कळेपर्यंत आमच्याकडे जो हशा पिकला तो पुढे दोन दिवस टिकला. "अरे, मी तुझी मामा तर हा कोण?" असं आई मला विचारत होती.

तर तो सिंह. सकाळचे नऊ वाजले असतील. गाईडच्या वायरलेसवर कोणीतरी काहीतरी बोललं, त्यात 'सिंबा' एवढाच शब्द कन्यकेला कळला आणि ती ताठ झाली. (सिंबा आणि सिंह यांचा भाषिक संबंध नाही बरं का, निव्वळ योगायोग.) लाल मातीच्या रस्त्याने दहा मिनिटं गेल्यावर गाईडने इंजिन बंद केलं. सूचना तीनच होत्या. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, बोलायचं नाही. झुडपाखाली दोन सिंहिणी आडव्या पडल्या होत्या. त्यांच्यामागून नर उठला, आमच्याकडे न बघता सरळ चालत आला आणि गाडीच्या सावलीत बसला. खिडकीतून हात खाली सोडला असता तर पाठीला लागला असता. त्याच्या अंगाला वास येत होता, ओल्या पोत्यासारखा. आणि आयाळ जवळपास नव्हतीच! कानामागे थोडे विरळ केस, बस्स. आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "उपाशी दिसतोय रे."

वीसेक मिनिटांनी तो उठून गेला. गाईडने गाडी सुरू केली आणि त्सावोतला प्रत्येक गाईड सांगत असावा ती गोष्ट सांगितली. इथल्याच दोन बिनआयाळीच्या सिंहांनी १८९८ साली रेल्वेचं काम बंद पाडलं होतं. कन्यकेने लगेच विचारलं, "हाऊ मेनी पीपल?" गाईड म्हणाला, "एकशे पस्तीस."

इथे माझ्यातला किडा वळवळला. कारण मी हे दोन सिंह आधी पाहिले होते. २००६ साली शिकागोला ऑनसाइट असताना एका रविवारी फील्ड म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे काचेआड हे दोघे पेंढा भरून ठेवलेले आहेत. बघून जरा निराशाच झाली होती. दिसायला किरकोळ, रंग उडालेले, आयाळ नाही. म्हटलं, हेच का ते? मारल्यानंतर पंचवीस वर्षं त्यांची कातडी शिकाऱ्याच्या घरात गालिचे म्हणून पसरलेली होती आणि १९२४ साली म्युझियमने ती ५,००० डॉलरला विकत घेतली. पायाखाली तुडवलेल्या, कातरलेल्या कातड्यात पेंढा भरल्यावर सिंह लहान दिसणारच. पण तेव्हापासून डोक्यात राहिलेला आकडा १३५ नव्हता, २८ होता. मग बरोबर कुठला?

घरी आल्यावर दोन-तीन शनिवार-रविवार यातच गेले. त्याचाच हा वृत्तान्त.

आधी रेल्वे. इंग्रजांना मोंबासा बंदरापासून थेट व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग हवा होता. पलीकडे युगांडा, आणि युगांडात नाईलचा उगम. नाईलच्या उगमावर दुसऱ्या कुणा युरोपीय सत्तेचा हात पडू नये ही धास्ती. काम १८९६ साली सुरू झालं. रुळांतलं अंतर आपल्याकडच्या मीटरगेजचंच, आणि मजूर तर बहुतांश आपल्याकडचेच. कराचीच्या अलीभाई मुल्ला जीवनजी या बोहरी व्यापाऱ्याकडे माणसं पुरवण्याचं कंत्राट होतं. पाच-सहा वर्षांत सुमारे ३२ हजार माणसं हिंदुस्तानातून नेली गेली. मुख्यतः पंजाबातली, शीख, मुसलमान, हिंदू सगळे. साध्या मजुराला महिन्याला साधारण १२ रुपये. हो, रुपयेच. पूर्व आफ्रिकेत तेव्हा आपला रुपया चालत होता आणि १९२० पर्यंत चालला. आजही स्वाहिलीत पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात.

मार्च १८९८ मध्ये रूळ त्सावो नदीपर्यंत पोचले होते आणि तिथे कायमचा पूल बांधायला जॉन हेन्री पॅटरसन हा इंजिनिअर आला. वय तीस-एकतीस. हिंदुस्तानात लष्करात राहिलेला, त्यामुळे हिंदुस्तानी येत होती. तो आला आणि थोड्याच दिवसांत मजूर नाहीसे व्हायला लागले. पॅटरसनला आधी वाटलं, पैशासाठी आपापसांत खून होताहेत. मग उंगन सिंग गेला. हा शीख जमादार, चांगला धिप्पाड गडी. तंबूत आणखी पाच-सहा जण झोपलेले असताना सिंहाने दारातून डोकं आत घातलं आणि त्याचा गळा धरला. तो "छोडो" असं ओरडला आणि त्याने सिंहाच्याच मानेला मिठी मारली, असं शेजारी झोपलेल्याने सांगितलं. सकाळी माग काढत गेल्यावर जे सापडलं त्यावर दगड रचून ठेवले.

पुढचे नऊ महिने, मध्ये एक खंड पडला तो सोडला तर, हेच चाललं. मजुरांनी तंबूंभोवती काटेरी कुंपणं घातली, रात्रभर शेकोट्या पेटवल्या, डबे बडवले. सिंह कुंपणातून आत येत आणि माणूस घेऊन त्याच वाटेने बाहेर जात. छावण्या मैलोगणती पसरलेल्या. पॅटरसन एका छावणीजवळ बंदूक घेऊन बसला की किंकाळी दुसरीकडून येई. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. ब्रेकपॉइंट लावून बसावं तिथे बग कधी येत नाही.

त्याने सापळाही बनवला. स्लीपर आणि रुळांच्या तुकड्यांचा मोठा पिंजरा, मध्ये गजांची भिंत, एका बाजूला आमिष म्हणून माणसं आणि दुसऱ्या बाजूला सिंहासाठी पडणारं दार. एका रात्री सिंह खरोखरच आत शिरला आणि दार पडलं! आत बंदुका घेऊन शिपाई बसले होते. ते इतके घाबरले की आधी झाडेचनात. मग झाडल्या त्या चहूकडे. एका गोळीने दाराचाच गज तोडला आणि सिंह तिथून पसार झाला. पॅटरसनने हा प्रसंग वैतागून लिहिला आहे. मला मात्र त्या शिपायांचं काही चुकलं असं वाटत नाही. हातभर अंतरावर पिसाळलेला सिंह आणि मध्ये चार गज, अशा वेळी नेम धरून दाखवावा कुणीतरी.

१ डिसेंबरला मजुरांनी पॅटरसनला सांगितलं की आम्ही सरकारचं काम करायला आलो आहोत, सिंहाचं किंवा सैतानाचं खाणं व्हायला नाही. मग समोरून येणाऱ्या गाडीपुढे शेकडो जण रुळांवर आडवे पडले, गाडी थांबली तसे वर चढले आणि गेले. काम तीन आठवडे बंद. लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींनी पार्लमेंटात सिंहांचा उल्लेख केला तो यामुळेच. मागे राहिलेले झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर झोपत. कोणी तंबूतच खड्डा खणून वर ओंडके टाकून आत झोपत. एका रात्री एका झाडावर इतके जण चढले की झाडच कोसळलं.

९ डिसेंबरच्या रात्री पॅटरसन चार काठ्यांवर बांधलेल्या डगमगत्या मचाणावर बसला. खाली सिंहाने अर्धवट खाल्लेलं गाढव. सिंह आला, पण गाढवाकडे न जाता मचाणाभोवतीच फेऱ्या घालू लागला. दोन तास. मध्येच काहीतरी पॅटरसनच्या डोक्यावर मागून आदळलं आणि तो जवळजवळ खाली पडला. ते घुबड होतं, त्याला झाडाचा खोड समजून बसायला आलेलं. शेवटी आवाजाच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि पहिला सिंह पडला. नाकापासून शेपटीपर्यंत नऊ फूट आठ इंच, उचलायला आठ माणसं लागली. दुसरा २९ डिसेंबरला मेला. मजुरांनी पॅटरसनला चांदीचं भांडं दिलं आणि रोशन नावाच्या मिस्त्रीने त्याच्यावर एक लांबलचक हिंदुस्तानी कविता रचली. तिचं भाषांतर पॅटरसनच्या १९०७ सालच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेलं आहे. यावर १९९६ साली हॉलीवूडने सिनेमा काढला, त्यात आपले ओम पुरी होते. सिनेमातल्या सिंहांना मात्र भरगच्च आयाळ. असो.

आता आकडे. १९०७ च्या पुस्तकात पॅटरसन म्हणतो: २८ हिंदुस्तानी मजूर, शिवाय कित्येक आफ्रिकी, ज्यांची सरकारी नोंद ठेवली गेली नाही. म्युझियमला कातडी विकल्यावर त्याने १९२५ साली त्यांच्यासाठी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात हिंदुस्तानी आणि आफ्रिकी मिळून १३५. आमच्या गाईडचा आकडा हाच. अठरा वर्षांत तो इतका कसा वाढला? विकलेल्या मालाची कीर्ती वाढवायची म्हणून असेल, अशी शंका मला येते.

मग शास्त्रज्ञ मैदानात आले. २००९ साली त्यांनी सिंहांच्या केसांतल्या आणि हाडांतल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं. हाडांत आयुष्यभराचं खाणं नोंदलेलं असतं, केसांत शेवटच्या काही महिन्यांचं. दोन्हींची तुलना करून अंदाज निघाला: एकाने साधारण २४ माणसं खाल्ली, दुसऱ्याने ११. एकूण ३५, आणि फार ताणलं तर ७२. ज्याने जास्त खाल्ली त्याचा सुळा तुटलेला होता आणि मुळाशी गळू झालेलं होतं. म्हैस किंवा झेब्रा खाली पाडणं त्याला जड जात असणार. त्यात १८९० च्या दशकात गुरांच्या बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतल्या रानम्हशींचे आणि गुरांचे कळपच्या कळप साफ झाले होते. आणि त्सावो ही जुनी कारवाँची वाट, गुलाम आणि हस्तिदंत नेणाऱ्यांची. वाटेत पडलेली माणसं तिथेच सोडली जात. तेव्हा माणसाचं मांस इथल्या सिंहांना रेल्वेने पहिल्यांदा दाखवलं असं काही म्हणता येत नाही. २०२४ साली त्याच सुळ्यांच्या फटीत अडकलेल्या केसांतून डीएनए काढला. त्यात जिराफ, झेब्रा, वाइल्डबीस्ट, ओरिक्स, वॉटरबक निघाले. आणि माणूस.

म्हणजे १३५ अतिशयोक्ती, ३५ च्या आसपास खरं. प्रश्न मिटला, असं मलाही वाटलं होतं. पण एक आकडा डोक्यातून जाईना, तो म्हणजे २८. हा इतका नेमका का? कारण ते २८ हजेरीपटावर होते. त्यांचा करार होता, पगार होता, गावी पत्र जायचं होतं. माणूस कमी झाला की खातं बंद करावं लागे. जे तैता किंवा कांबा लोक आपल्या वस्तीतून उचलले गेले, किंवा जे हमाल ओझी घेऊन वाटेने जात होते, त्यांचं खातंच नव्हतं. डेटाबेसमध्ये शून्य आणि 'नल' यांत फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. नल म्हणजे तिथे काही भरलंच नाही. नवीन पोरं हमखास इथे घोळ घालतात, नल दिसला की शून्य धरून बेरीज करून मोकळी होतात.

आणि आपल्या माणसांचा हिशेबही सिंहांवर संपत नाही. रेल्वे डिसेंबर १९०१ मध्ये सरोवराला पोचली तोपर्यंत ३२ हजारांतले जवळपास २,५०० मजूर मेले होते. सिंहांच्या वाट्याचे यात किरकोळ. बाकीचे हिवताप, आमांश आणि अपघात यांनी गेले. साधारण दर मैलाला चार. सुमारे ६,७०० तिथेच राहिले, उरलेले परतले, त्यांतले कित्येक आजारी होऊन. हिवतापावर सिनेमा निघत नाही आणि त्याच्यात पेंढा भरून ठेवता येत नाही.

नैरोबीच्या रेल्वे म्युझियममध्ये एक जुना डबा आहे. जून १९०० मध्ये किमा स्टेशनवर चार्ल्स रायल नावाचा पोलीस अधिकारी याच डब्यात दुसऱ्या एका नरभक्षकाची वाट बघत बसला, त्याला डुलकी लागली, आणि सिंहाने आत शिरून त्यालाच खिडकीतून ओढून नेलं. कन्यकेने त्या डब्यात शिरून खिडकीचं माप हाताने घेतलं. रायलचं नाव तिला पाठ आहे. उंगन सिंगचं मी मुद्दाम पाठ करून घेतलं. तिसरं नाव माझ्याकडे नाही.

सिंह पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाईडला त्या पुलाकडे न्यायला सांगितलं होतं. वोईहून मोंबासा-नैरोबी हमरस्त्याने तासाभरात त्सावो नदी लागते. ट्रकची ही रांग. गाडी बाजूला लावून आम्ही रस्त्याच्या पुलावर चालत गेलो. तिथून रेल्वेचा पूल दिसतो. नदी लहानशी, पाणी गढूळ, काठाला ताडाची झाडं. पाहण्यासारखं फार काही नाही. आईने मात्र पदर सावरला आणि माझ्याकडे हात केला, "एक रुपया दे रे."

माझ्या खिशात सगळे शिलिंग. पाकिटाच्या कप्प्यात शोधता शोधता पुण्याच्या रिक्षावाल्याने परत दिलेलं पाच रुपयांचं नाणं सापडलं. आईने ते कपाळाला लावलं आणि पाण्यात टाकलं.

"आजी, कोणासाठी?" कन्यकेने विचारलं. गाईडही बघत होता.

"नदी ओलांडताना टाकायचा असतो," आई म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.