अंतरपट आणि दारफळण: कोकणच्या मातीत निवासमंडपाचे दोन अर्थ

मराठी बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या उत्तरार्धात ज्या वास्तूचे तपशीलवार वर्णन येते, तिला दगडी भिंत नाही, खोदलेला पाया नाही आणि कायमचे ठिकाणही नाही. मिसर देशातील दास्यातून सुटलेले इस्राएल लोक सीनायच्या रानात असताना त्यांनी उभारलेला तो कापडाचा, कातड्याचा आणि लाकडाचा मंडप होता, जो मुक्काम हलला की उतरवून खांद्यावर आणि गाड्यांवर पुढे न्यायचा आणि नव्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. देव तेथे आपल्या लोकांमध्ये राहतो म्हणून मराठी भाषांतरकारांनी त्याला ‘निवासमंडप’ म्हटले, आणि लोक तेथे देवाच्या भेटीस येतात म्हणून ‘दर्शनमंडप’. ख्रिस्ती परंपरेने या मंडपाकडे फार लवकर एका विशिष्ट दृष्टीने पाहिले. जुन्या करारातील वस्तू, व्यक्ती आणि विधी हे पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची आधीच पडलेली सावली आहेत, अशी ही दृष्टी असून तिला ‘पूर्वच्छाया’ म्हणता येईल. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथात निवासमंडपाला स्वर्गीय गोष्टींची छाया आणि नमुना असेच म्हटले आहे.

या मंडपाचा मराठीतील इतिहास पाहताना नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला असलेल्या पनवेलकडे वळावे लागते. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना होऊन खाडीकाठच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर नवे शहर आखले गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून पनवेल ही बाजारपेठ होती आणि तेथे १८४९ मध्ये बेने इस्राएल समाजाचे ‘बेथ एल’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, उभे राहिले. ‘बेथ एल’ म्हणजे देवाचे घर. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून लागले, असे हा समाज परंपरेने सांगतो. कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी घाण्यावर तेल गाळून ही मंडळी पोट भरीत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत आणि मराठी ही त्यांची मातृभाषा आहे. ज्या लोकांच्या पूर्वजांचा तो मंडप, त्यांचे वंशज आणि ज्या धर्माने त्या मंडपात आपल्या तारणाचे चित्र पाहिले त्याचे प्रचारक, हे दोघेही एकोणिसाव्या शतकात याच किनारपट्टीवर, एकाच भाषेत, एकच ग्रंथ वाचत होते.

मंडपाची रचना आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. निर्गमातील माप ‘हात’ हे आहे, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, सुमारे ४५ सेंटिमीटर. मोजमापाचा हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागला नाही, कारण कापड आणि दोर आपल्याकडेही हातानेच मोजले जात. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद, भोवती सणाच्या तलम कापडाची पाच हात उंच कनात, आणि प्रवेश फक्त पूर्वेकडून. आत शिरताच होमवेदी, मग याजकांनी हातपाय धुण्यासाठी पितळेचे गंगाळ, आणि त्यापलीकडे प्रत्यक्ष मंडप. मंडपाचे दोन भाग होते. पवित्रस्थानात सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, समक्षतेच्या भाकरीचे मेज आणि धूपवेदी होती, तर परमपवित्रस्थानात बाभळीच्या लाकडाचा, सोन्याने मढवलेला कराराचा कोश आणि त्यावरचे झाकण, म्हणजे दयासन, होते. या दोन भागांच्या मधोमध निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचा एक पडदा टांगलेला असे. तो ओलांडून आत जाण्याची मुभा प्रमुख याजकाला होती, आणि तीही वर्षातून एकाच दिवशी.

गंगाळ, दीपवृक्ष, बाभूळ, मंडप हे सगळे शब्द घरातले किंवा देवळातले आहेत. रानातले बाभळीचे लाकूड देशावरील शेतकऱ्याच्या औताचेही लाकूड होते, आणि गंगाळ तर प्रत्येक न्हाणीघरात असे. निर्गम सांगतो की मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले धातूचे आरसे दिले आणि त्यांचेच ते गंगाळ ओतले गेले. स्वतःचे रूप न्याहाळण्याच्या वस्तूचे शुद्ध होण्याच्या वस्तूत झालेले हे रूपांतर इतके बोलके आहे की त्यावर कोणत्याही भाष्यकाराला फारसे काही घालावे लागत नाही.

ख्रिस्ती वाचनात तारणाचा अर्थ सर्वांत ठोसपणे जेथे सापडतो, ती जागा मात्र डोळ्यांत भरणाऱ्या सोन्याची नसून जमिनीलगतच्या रुप्याची आहे. मंडपाच्या भिंती म्हणजे ४८ उभ्या फळ्या, आणि प्रत्येक फळीखाली रुप्याच्या दोन बैठका. अशा ९६ बैठका आणि पडद्याच्या चार खांबांखालच्या चार मिळून १००. हे रुपे देणगीचे नव्हते. वीस वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येक पुरुषाची गणती करताना त्याने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल (शेकेल हे रुप्याचे वजन) द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, असा नियम होता. गणतीत ६,०३,५५० पुरुष भरले आणि रुपे ३,०१,७७५ शेकेल जमले. त्यांपैकी तीन लाख शेकेलांच्या, म्हणजे शंभर किक्कारांच्या, शंभर बैठका ओतल्या गेल्या आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांत खांबांच्या आकड्या वगैरे झाल्या. सारा मंडप अशा रीतीने सोडवणुकीच्या मोलावर उभा होता, आणि त्या मोलात श्रीमंत आणि मजूर यांचा वाटा सारखाच होता. ख्रिस्ती भाष्यकारांनी येथे ख्रिस्ताने आपल्या प्राणाने भरलेल्या मोलाची छाया पाहिली, ती ओढूनताणून पाहिली असे म्हणता येत नाही, कारण ‘जिवाबद्दल मोल’ ही कल्पना मूळ ग्रंथातच आहे.

मराठीत या मोलासाठी ‘खंडणी’ हा शब्द रूढ झाला आणि सुटकेसाठी ‘तारण’. आजच्या वर्तमानपत्राच्या वाचकाला खंडणी म्हटले की गुन्ह्याची बातमी आठवते आणि शब्दाचे जुने वजन हरवते, ही खेदाची गोष्ट आहे. ‘तारण’ मात्र अजून जिवंत आहे. तरून जाणे, पार होणे हा त्याचा मूळ अर्थ खाडीकाठच्या माणसाला तारू आणि तर या शब्दांमुळे सहज कळतो, तर कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू हा दुसरा अर्थ सावकाराच्या वहीतून आलेला आहे. पलीकडे नेणे आणि ऋणातून सोडवणे या दोन्ही छटा एकाच शब्दात असल्यामुळे, निवासमंडपातील रुप्याचा अर्थ सांगण्यास मराठीइतकी तयार भाषा क्वचितच मिळाली असेल.

ही शब्दसंपत्ती एका दिवसात घडलेली नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने गोव्यात राहून रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले; त्याचे ‘पहिले पुराण’ जुन्या कराराची कथा सांगते आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्ताची, म्हणजे आधी छाया आणि मग वस्तू हा क्रम ग्रंथाच्या बांधणीतच आहे, आणि तो ओवीत आहे. पुढे सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, आणि मुंबईत संपूर्ण बायबल १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावच्या ‘मुक्ती’ मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल असे स्वतंत्र भाषांतर केले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू पूजाविधींच्या आठवणी जागवणाऱ्या शब्दांविषयी त्यांना तीव्र हरकत होती. ही हरकत नुसत्या शैलीची नव्हती, कारण शब्दासोबत त्याचे जुने घर येते, हे त्यांनी ओळखले होते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मंडपाच्या दोन भागांमधल्या त्या पडद्याचे आहे. हिब्रूत त्याला ‘पारोखेत’ म्हणतात आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अंतरपट’ हा शब्द आला. मराठी माणसाने अंतरपट पाहिलेला असतो तो लग्नात. वधू आणि वर समोरासमोर उभे असतात, मधे स्वस्तिक काढलेले वस्त्र दुसऱ्या दोघांनी दोन टोकांना धरलेले असते, मंगलाष्टके संपेपर्यंत कोणी कोणाला पाहत नाही, आणि शेवटच्या अक्षता पडताच ते वस्त्र दूर होते. म्हणजे मराठीत अंतरपट हा दूर होण्यासाठीच धरलेला असतो. निर्गमातील पडद्याला असा शेवट नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला राहावा म्हणूनच सांगितलेला आहे. तो दूर होतो तो शुभवर्तमानात, जेव्हा येशूच्या मृत्यूच्या क्षणी जेरुसलेमच्या मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, आणि ‘इब्री लोकांस पत्र’ सांगते की ख्रिस्ताने स्वतःच्या रक्ताने एकदाच आत प्रवेश करून सर्वांसाठी वाट मोकळी केली. भाषांतरकारांच्या मनात विवाहविधी असो वा नसो, परिणाम एकच झाला: मराठी वाचकाला त्या पडद्याच्या पहिल्याच उल्लेखात त्याच्या दूर होण्याची चाहूल लागते. शब्दाने छायेआधीच वस्तू दाखवली.

पूर्वच्छायेची ही पद्धत मर्यादा सोडते तेव्हा मात्र ती मंडपाचेच नुकसान करते. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने पडद्याच्या रंगांत आणि सुतात पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी ही तत्त्वे पाहिली. आठव्या शतकातील इंग्लंडचा संन्यासी बीड याने निवासमंडपावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आणि एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट प्रवचनकारांनी तर खुंटी आणि दोर यांनाही अर्थ चिकटवले. जेथे प्रत्येक खुंटी काहीतरी सांगू लागते तेथे बैठकांच्या रुप्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे हा मंडप ख्रिस्ती अर्थाशिवाय अपुरा आहे असे समजणे, आणि पनवेलचे बेने इस्राएल या समजुतीला जिवंत उत्तर आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या समाजाला हिब्रू जवळजवळ येत नव्हते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मिशनच्या शाळांतून व मराठी भाषांतरांतून त्यांना आपलाच ग्रंथ पुन्हा हाती मिळाला. त्यांनी तो वाचला, भाषांतरकारांचे शब्दही घेतले, पण धर्म बदलणारे त्यांच्यात फारच थोडे निघाले. ग्रंथ हाती येण्यापूर्वीही मंडपातील एक गोष्ट त्यांच्याकडे होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात जुन्या मराठी सणांची नावे नोंदवली आहेत, त्यांत प्रायश्चित्ताच्या दिवसाचे, म्हणजे हिब्रूतील योम किप्पूरचे, नाव ‘दारफळणीचा सण’ असे आहे. दारफळण म्हणजे दार लावून घेणे. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, उपवास धरून, घरची माणसे दारे बंद करून आत बसत. प्रमुख याजकही वर्षातील त्या एका दिवशी आपली सोन्याची वस्त्रे उतरवून साधी पांढरी सणाची वस्त्रे घालीत असे आणि मगच अंतरपटाच्या आत जात असे. मंडप नाही, याजक नाही, पोथी नाही, अशा शतकांत कोकणातील तेल्यांच्या घरांनी तो दिवस दाराच्या फळ्यांवर सांभाळला. ख्रिस्ती वाचनात तारण म्हणजे पडदा उघडणे. या घरांत ते दार लावून आपल्या देवासमोर एकटे बसणे होते.

निवासमंडपाचे दार पूर्वेला आणि परमपवित्रस्थान पश्चिमेला, म्हणून याजकाची वाट मावळतीकडे जाणारी होती. युरोपातील ज्यू प्रार्थनेला पूर्वेकडे तोंड करतात. कोकणातून जेरुसलेम समुद्रापलीकडे पश्चिमेस पडते, त्यामुळे येथील सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांची पेटी पश्चिमेच्या भिंतीशी असते आणि तिच्यासमोरील पडद्याचे हिब्रू नाव आजही ‘पारोखेत’ हेच आहे. योम किप्पूरच्या दिवशी सूर्य त्याच दिशेला कलला की शेवटची प्रार्थना होते. तिला ‘नेइला’ म्हणतात, आणि त्या हिब्रू शब्दाचा अर्थ दार बंद होणे असाच आहे.