फुगे, ताडी आणि १९४९ चा कायदा

वसई परिसरातील ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला 'फुगे' हवेतच. हे फुगे दोऱ्याला बांधायचे नव्हेत. सोरपोतेलच्या झणझणीत रश्शात बुडवून खायचे. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर आणि मीठ यांचे सैलसर पीठ आंबवून तेलात तळलेले, लिंबाएवढे गोळे. इंग्रजी पाककृतींत त्यांचे 'फुगियास' झाले आहे, पण मूळ शब्द 'फुगणे' या साध्या मराठी क्रियापदातलाच. आज जगभर यीस्ट घालून जे डोनट तळले जातात, त्यांचेच हे उत्तर कोकणातले भावंड. त्याचा खरा इतिहास मात्र मैद्यात नाही, खमिरात दडलेला आहे.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पोर्तुगीजांना फुगलेल्या गव्हाच्या भाकरीची सवय होती. 'पाव' हा मराठी शब्द त्यांच्याच भाषेतून आला. युरोपात पीठ फुगवण्यासाठी बिअरच्या पिंपातला फेस वापरत. कोकणात बिअर कुठली? पण ताड, माड आणि शिंदी होत्या, आणि त्यांचा रस काढण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेले भंडारी होते. गोव्यापासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर पावाचे पीठ ताडीने फुगू लागले. फुग्यांचे पीठही तसेच.

यामागची प्रक्रिया मोठी मौजेची आहे. झाडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला काप देऊन खाली मडके बांधतात. रस थेंबथेंब साचतो. तो गोड असतो, आणि हवेतले व जुन्या मडक्यातले यीस्ट त्यात लगेच कामाला लागते. पहाटे उतरवलेली नीरा दुपारपर्यंत फसफसून ताडी होते. त्या फेसातला कार्बन डायऑक्साइड वायूच पिठाला जाळी पाडतो. जोडीला वाढणारे आम्लकारी जिवाणू किंचित आंबटपणा देतात. ताडी फार ताजी असेल तर पीठ फुगत नाही, फार शिळी असेल तर आंबून जाते. म्हणजे तळणीची वेळ घरातली बाई ठरवत नसे. झाडावर चढणारा ठरवत असे.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावे, शेती, चर्च आणि मराठीच्या बोली बोलणारे ख्रिस्ती तिथेच राहिले. इंग्रजी राजवटीत नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोवेकर व मंगळुरी ख्रिस्तींहून आपली ओळख वेगळी दिसावी म्हणून मुंबई, साष्टी, वसई भागातील या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. नाव इंग्रज कंपनीचे, पदार्थांत पोर्तुगीज छाप, आणि घरातली भाषा मराठी!

१८७८ हे वर्ष इथे नोंदवण्याजोगे आहे. त्या वर्षी मदेरा बेटावरचे मजूर 'प्रिसिला' जहाजातून हवाईला पोहोचले. पोर्तुगीजांचे यीस्टचे तळलेले गोळे तिथे रुजले आणि 'मलासादा' हे आपले नाव राखून राहिले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. ताडीचे झाड छेदायला परवाना लागू लागला, झाडामागे कर बसला. खमीर आता सरकारी महसुलाची बाब झाले होते.

खरा घाव स्वातंत्र्यानंतर बसला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५० पासून पूर्णपणे अमलात आला. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. या कायद्याने न आंबलेला रस ती 'नीरा' आणि आंबलेला रस ती 'ताडी' अशी विभागणी केली. नीरेला सरकारी उत्तेजन मिळाले, ताडी मादक पदार्थ ठरली. गंमत अशी की नीरेने पीठ फुगत नाही. यीस्ट जिथे कामाला लागते, नेमक्या त्याच रेषेवर कायद्याने बंदी घातली. लग्नघरच्या ओट्यावरचा ताडीचा तांब्या परवान्याशिवाय ठेवणे हा आता गुन्हा होता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गुत्ता होता. कढई बहुधा नव्हती.

याच सुमारास दुसरा पर्याय तयार होत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यासाठी टिकाऊ सुके यीस्ट विकसित झाले, आणि कालांतराने ते सामान्य स्वयंपाकघरांत पोहोचले. बंदी पुढे सैल झाली, पण झाडावर चढणारे कमी होत गेले आणि डबीतले यीस्ट सोयीचे ठरले. आज बहुतेक फुगे त्यावरच होतात.

कृती मात्र बदललेली नाही. पीठ हाताने भरपूर फेटायचे, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचे. ओल्या मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांच्यामधून दाबायचे. वर आलेला गोळा कढईत सोडायचा आणि त्यावर गरम तेल उडवायचे. यीस्ट थोडे कमी घालून पीठ रात्रभर थंड जागी ठेवले, तर जुन्या आंबटपणाचा काही अंश परत येतो. ताडाचा गंध तेवढा येत नाही.