चीनेपाडा आणि चिनी आळी

एका बंगाली लेखाचा अनुवाद करताना मी ‘चीनेपाडा’ या शब्दापाशी अडले. बंगालीतला पाडा म्हणजे शहरातला मोहल्ला. मराठीत पाडा म्हटलं की आदिवासी वस्ती डोळ्यांपुढे येते. ‘चिनी वस्ती’ असं लिहिलं आणि खोडलं. शेवटी एका रविवारी पहाटे सहाला कोलकात्याच्या टेरिटी बाजारात जाऊन उभी राहिले.

पोद्दार कोर्टजवळच्या रस्त्यावर आपल्या मोदकपात्रासारखी ॲल्युमिनियमची मोठमोठी भांडी वाफाळत होती. आत डुकराच्या मांसाचे बाव आणि मोमो. शेजारी माशाच्या गोळ्यांचं सूप, तिळात घोळवलेले गोड गोळे. दोन पावलांवर बंगाली भाजीवाले आणि मासळीवाले. भांड्यामागच्या म्हाताऱ्या बाई माझ्याशी हिंदीत, भाजीवाल्याशी बंगालीत आणि मुलाशी हाक्का भाषेत बोलत होत्या. “दीदी, आर देबो?” त्यांनी विचारलं. आणखी देऊ का?

या बाजारातलं प्रत्येक नाव कुठल्या तरी भाषेतून वाट काढत आलेलं आहे. ‘टेरिटी’ म्हणजे एदुआर्दो तिरेत्ता. व्हेनिसच्या राज्यातून पळालेला हा गृहस्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातल्या रस्त्यांचा आणि इमारतींचा अधीक्षक झाला. बाजार त्याच्या मालकीचा होता. त्याच सुमारास वॉरन हेस्टिंग्जने आछ्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला बजबजजवळ ऊस आणि साखर कारखान्यासाठी जमीन दिली. ते गाव आज अछीपूर. बंगालीत साखरेला चिनी म्हणतात ते या आछ्यूमुळेच, असं लोक हौसेने सांगतात. शब्द मात्र त्याच्याहून कितीतरी जुना आहे.

आछ्यूनंतर आलेल्यांनी धंदे वाटून घेतले. कँटनकडचे सुतार, हाक्का लोक चामड्याचे आणि जोड्यांचे कारागीर, हूपेकडचे दातांचे वैद्य. त्यांनी देवळं बांधली आणि इंग्रजी अमदानीत त्यांना ‘चर्च’ म्हटलं गेलं. १९०५ सालचं ‘सी इप चर्च’ हे असंच चिनी देऊळ. सी इप म्हणजे ग्वांगडाँग प्रांतातले चार परगणे. हेच नाव ‘सी यूप’ होऊन मुंबईत माझगावच्या चिनी देवळावर बसलं आहे. एकच मूळ शब्द, दोन बंदरांत दोन उच्चार.

मग १९६२ साल आलं. युद्धाच्या काळात कायद्यातली ‘परकीय’ या शब्दाची व्याख्या ताणली गेली. स्वतःच नव्हे, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणीही एकेकाळी शत्रुराष्ट्राचं नागरिक असलं, तरी माणूस त्या व्याख्येत बसू लागला. मग त्याचा जन्म इथलाच का असेना. सुमारे ३,००० जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं गेलं. त्यांतले बरेच आसाम आणि दार्जिलिंगकडचे. काहींना तिथे चार-पाच वर्षं काढावी लागली. बाहेर राहिलेल्यांवर पोलिसांत नोंद आणि प्रवासाला परवानगी अशी बंधनं आली. पुढे घरंच्या घरं कॅनडाला निघून गेली. हा बाजार लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे तिथे उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

अनुवादकाला या व्याख्येची धास्ती वाटते. ‘चिनी’ हा शब्द आपण चीनच्या नागरिकालाही वापरतो आणि तीन पिढ्या कोलकात्यात काढलेल्या माणसालाही. फरक दाखवायचा तर तो शेजारच्या शब्दाने दाखवावा लागतो.

नऊच्या आत भांडी रिकामी झाली. बाईंनी फडकं पिळलं, पाटी उचलली आणि “आबार आशबेन,” म्हणाल्या. पुन्हा या.

परतल्यावर मी ‘चिनी आळी’ असं लिहिलं. वस्ती गावाबाहेरही असू शकते. आळी मात्र कासार आळी, तांबट आळीसारखी गावाच्या पोटात असते; तिच्यावाचून गावाचं चालत नाही. संपादकांनी विचारलं तर एवढंच सांगणार आहे.