किती वजनाच्या दोरानं?

काही वर्षांपूर्वी मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. ती दोघं कामावर गेली की मी गोल्डन गेट पार्कात पाय मोकळे करायला जाई. एक दिवस झाडांच्या आड तीन बांधीव तळी दिसली. काठावर माणसं गळाच्या लांब काठ्या घेऊन दोर फेकत होती, पण पाण्यात मासा एकही नव्हता! आमच्याच वयाचे एक गृहस्थ बाकावर टेकले होते. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हा दोर जास्तीत जास्त किती लांब जातो?" ते म्हणाले, "किती वजनाच्या दोरानं?"

माझ्या प्रश्नाला त्यांनी उलटा प्रश्न का केला, ते मला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन वाचत गेलो तसं उलगडलं.

ही 'फ्लाय कास्टिंग'ची तळी. महामंदीत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून, म्हणजे आपल्या रोजगार हमीसारख्या कामातून, ती १९३८ साली बांधली गेली. हा खेळ मात्र त्याहून जुना. शिकागोच्या ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं १८९३ साली धर्मपरिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात दोर फेकण्याच्या स्पर्धाही झाल्या होत्या.

यातली गंमत अशी. आपण दगड फेकतो तेव्हा वजन दगडात असतं. इथे दोराच्या टोकाला पिसांची बनावट माशी असते, तिला वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं ते दोरात. म्हणजे आपण दोरच फेकतो आणि माशी त्याच्यामागून जाते. म्हणून दोर जड केला, काठी लांब केली, की अंतर आपोआप वाढतं. मग कौतुक हाताचं करायचं की दोराचं?

नियम जन्माला येतात ते इथे. १९५५ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या नियमांत एका हाताच्या फेकीला काठी फार तर ३.०५ मीटर आणि दोर ३८ ग्रॅमपर्यंत. दोन हातांच्या फेकीला काठी ५.२० मीटरपर्यंत आणि दोर १२० ग्रॅमपर्यंत. दोन्ही प्रकारांची अंतरं वेगळी मांडतात, एकात एक मिसळत नाहीत.

विक्रम काही फक्त अवजारानं मोडतात असं नाही. १९३४ साली सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत मार्व्हिन हेज या स्पर्धकानं १४७ फूट फेक केली. आधीचा विक्रम १२५ फुटांचा होता. मोकळा राहणारा डावा हात त्यानं कामाला लावला होता. काठी मागे जाताना दोराला एक ओढ, पुढे येताना दुसरी. हिला 'डबल हॉल' म्हणतात आणि आज साधे मासे पकडणारेही ती शिकतात. अर्थात हेजचा दोरही खास होता, जाडी टप्प्याटप्प्यानं बदलत नेलेला. हात किती आणि दोर किती, हा हिशेब तिथेही सुटा करता येत नाही. १९५१ साली जोन साल्व्हाटो (पुढे वुल्फ) या बाईंनी अंतराच्या एका स्पर्धेत सगळ्या पुरुषांना हरवलं, १९६० साली त्यांची फेक १६१ फुटांवर गेली. या बाई नाच शिकवत. अंगातला ताल बाहूच्या बळावर मात करतो, तो असा.

दोराचं वजन मोजण्याची रीतही भांडणातूनच आली. जुने दोर रेशमाचे, ते जाडीवरून अक्षरांनी ओळखत. नायलॉन आलं आणि तेवढ्याच जाडीचा दोर वेगळ्या वजनाचा निघू लागला. अक्षरांना अर्थ उरला नाही. तेव्हा १९६०च्या सुमारास अमेरिकेत ठरलं की पहिल्या ३० फुटांचं वजन करून दोराला क्रमांक द्यायचा. पाच नंबरचा दोर म्हणजे १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम. नाव तेच राहतं आणि आतली वस्तू बदलते, तेव्हा पुन्हा तराजू काढावा लागतो.

हे वाचताना मला माझा तराजू आठवला. मी शिकवायचो इतिहास आणि मराठी, पण आमची शाळा लहान, त्यामुळे खेळाचं खातंही माझ्याकडेच. एका वर्षी आमच्या एका मुलानं गोळाफेकीत शाळेचा विक्रम केला. नाव फळ्यावर रंगवलं. तीन-चार वर्षांनी नवा गोळा आला आणि चांगली धट्टीकट्टी मुलंही त्या आकड्याच्या जवळ पोचेनात. मला शंका आली. जुना गोळा पिशवीत घालून किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. पाच किलोचा म्हणून घेतलेला गोळा चार किलो सहाशे भरला.

मी कुणालाच काही बोललो नाही. पोराचा दोष काय, त्याचं नाव कशाला पुसायचं, असं मनाशी म्हटलं. आता वाटतं, पुसायचं नव्हतंच. त्याच्या अंतरापुढे कंसात '४ किलो ६०० ग्रॅम' एवढंच लिहायचं होतं. फेक त्याचीच होती, ती कुणी हिरावून घेतली नसती. आणि पुढच्यांना खरं कळलं असतं. तळ्याकाठच्या त्या गृहस्थांनी एका वाक्यात जे विचारलं, ते मी वीस वर्षं फळ्यावर लिहू शकलो नाही.

पुढे एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर मैदानावर थांबायचा. एकदा खांदा चोळत माझ्याकडे आला. "सर, दादानं एवढा लांब कसा टाकला असेल हो?"

मी म्हणालो, "सराव कर."